‘आम्ही’ म्हणजे कोण

डेटन, ओहायो
२९ सप्टेंबर १९९९

प्रिय ओडेल,

डबा पोचला. दर वर्षीसारखाच कॉफीचा डबा, वर तिपदरी सुतळी आणि पोस्टमनला भिंग घ्यावं लागेल असा पत्ता. जिनसेंगच्या मुळ्या छान वाळल्या आहेत. थंडीभर माझ्या चहाची सोय झाली. शेजारीण दुकानातून जिनसेंगच्या गोळ्या आणते. तिला तुझी एक मुळी दाखवली, तर म्हणाली, हे तर हातपाय असलेलं लहानसं माणूसच दिसतंय.

एक विचारायचं आहे. या खेपेला दोन-तीन मुळ्यांवर नारिंगी छटा आहे. ब्रशने घासलं तरी जात नाही. तुझ्या मातीत लोखंड वाढलंय, की रंगाच्या डब्याशेजारी वाळत घातल्यास? विषारी नाही ना, एवढं कळव.

फोन करत नाही, कारण तुला ऐकू येत नाही आणि तू ते कबूल करत नाहीस. लाकडाच्या गिरणीत तीस वर्षं कानात बोळा न घालता काम केलंस. तेव्हा पत्रच लिही, आणि एका ओळीचं नको.

डेल्फिया

*

बेलर्स गॅप, नॉर्थ कॅरोलायना
१४ नोव्हेंबर १९९९

डेल्फी,

उशीर झाला, रागावू नकोस. खरं म्हणजे थोडा राग राखूनच ठेव, पुढे लागेल.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात राष्ट्रीय उद्यानाचा रेंजर आला, मेरिट नावाचा. ओसरीच्या पायरीवर भिजत उभा होता. माणसाला दारात भिजवत ठेवायची आपल्याकडे रीत नाही, म्हणून आत घेतला. मक्याचा पाव आणि ताक दिलं, त्याने दोनदा घेतलं. मग विचारलं, जिनसेंग कुठून काढता? घरात बसून जेवणाऱ्याने विचारलं तर खोटं बोलायचं का? मी म्हटलं, आम्ही आमच्याच जागेवरून काढतो, उद्यान झालं त्याच्या आधीपासून. आणि विकत नाही, आमचं आम्हालाच लागतं. त्याने ते लिहून घेतलं, मी सही केली. घर बघू का म्हणाला, मी म्हटलं बघ. माळ्यावर वाळत घातलेल्या अडतीस मुळ्या घेऊन गेला. पावती दिली. ताकाबद्दल आभारही मानले.

मागच्या आठवड्यात सरकारी वकिलाचं पत्र आलंय. खटला भरायचा विचार चालू आहे, वकील करा, असं काहीसं. नुसतं उद्यानातून खणल्याचा नाही. माणसं जमवून, कट करून माल राज्याबाहेर धाडल्याचा. पाच वर्षांपर्यंत तुरुंग होऊ शकतो म्हणे. आलेल्या पत्राला उत्तर देणं भाग आहे, म्हणून मीही दोन पानं लिहून टाकली, की पत्र मिळालं, आम्ही काही लपवत नाही, इकडे सगळं ठीक. तेवढ्यावर मिटेलसं वाटतंय.

नारिंगी रंगाचं मला काही माहीत नाही. मातीच असेल.

ओडेल

*

डेटन
१९ नोव्हेंबर १९९९

ओडेल,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा जुन्या सवयीने लाल पेन हातात आलं होतं.

एकतीस वर्षं मी नागरिकशास्त्र शिकवलं. आरोपीला वकिलाचा हक्क आहे, स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती त्याच्यावर नाही, हे हजारो पोरांकडून घोकून घेतलं. आणि माझ्या सख्ख्या भावाने एका दुपारी, ताकाच्या पेल्यासोबत, दोन्ही हक्क रेंजरला देऊन टाकले. वर सरकारी वकिलाला खुशालीचं पत्र.

आता ऐक. यापुढे कोणालाही उत्तर द्यायचं नाही. रेंजरला नाही, चर्चमध्ये नाही, दुकानात नाही. या आठवड्यात वकील गाठ. जमिनीची खरेदीखतं करणारा नको, केंद्र सरकारच्या कोर्टात उभा राहणारा हवा. राज्याचं कोर्ट वेगळं आणि हे वेगळं.

आणि मला एक सांग. ‘आम्ही’ म्हणजे कोण? तुझी लोरेटा जाऊन सहा वर्षं झाली. घरात तू आणि कुत्री. एकट्या माणसावर कटाचा आरोप ठेवता येत नाही. तुझ्या त्या ‘आम्ही’वरच त्यांनी कट उभा केला आहे. यात बर्ल आहे का? जावई चांगला असला तरी तो जावई आहे, त्याच्यासाठी तुरुंगात जायचं कारण नाही. मला स्पष्ट उत्तर हवं.

वकील कसा पारखायचा ते मात्र मला सांगता येत नाही, आणि हे लिहिताना लाज वाटते. कलम पाठ आहे, पण वकील एकही पाहिलेला नाही. सोमवारपासून इथल्या फेडरल कोर्टात जाऊन बसणार आहे. तिथे कोणालाही बसता येतं, असं मी दर वर्षी शिकवायची. स्वतः एकदाही गेले नव्हते.

डेल्फिया

*

बेलर्स गॅप
६ डिसेंबर १९९९

डेल्फी,

तुझ्या धाकाने दोन वकील पाहिले.

पहिला आपला खरेदीखतांवाला क्लाइन. तू नको म्हणालीस तरी गेलो, कारण त्याच्या ओसरीवरूनच रस्ता जातो. माणूस सरळ आहे. म्हणाला, ओडेल, केंद्राच्या कोर्टात मी जन्मात एकदा गेलोय, तेही पत्ता चुकून. तू दुसरा बघ.

दुसरा अ‍ॅशविलचा ब्रॅम्लेट. पूर्वी तो स्वतःच सरकारी वकील होता. त्याच्या भिंतीवर भुसा भरलेला ट्राउट मासा आहे, माझ्या हाताएवढा. मी खुर्चीत बसून सुरुवात केली, तर त्याने हात वर केला. म्हणाला, काय घडलं ते मला सांगू नका, आधी सरकारच्या हातात काय आहे ते बघू. मग मी तिथे करायचं काय? अर्धा तास माशाबद्दल बोललो. उठताना म्हणाला, मिस्टर टीग, अशा खटल्यात जो पहिल्यांदा नाव देतो तो घरी जातो, तुम्ही आधी नाव द्या. मी टोपी घेतली आणि निघालो.

ज्याला परवडत नाही त्याला सरकारी खर्चाने वकील देणारं एक बचाव कार्यालय आहे, कोर्टाच्याच रस्त्यावर. दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. खटला भरणारं सरकार, माझ्या वकिलाला पगार देणारंही सरकार. करवतीच्या दोन्ही मुठी एकाच माणसाच्या हातात असल्यासारखं झालं ते.

बर्लचा यात काही संबंध नाही. ‘आम्ही’ हे नुसतं बोलण्यातलं आहे. एकटा राहतो तरी ‘आमचं घर’ म्हणतोच ना मी.

ओडेल

*

डेटन
१४ डिसेंबर १९९९

ओडेल,

तीन आठवडे कोर्टात बसले. आता तिथला शिपाई माझ्यासाठी कडेची खुर्ची ठेवतो. मी वृत्तपत्रातून आलेय, असं त्याला वाटतं.

मला वाटायचं, चांगला वकील म्हणजे मोठा आवाज. तसा एक पाहिला. रुपेरी केस, टेबलावर मूठ आपटून बोलायचा. तो बोलत असताना न्यायाधीश घड्याळाकडे बघत होते आणि त्याचा अशील जमिनीकडे. दुसरा एक होता, कोव्हाच नावाचा. शर्ट अर्धा बाहेर, कागद दोनदा खाली सांडले. पण उठण्याआधी दर वेळी तो आपल्या अशिलाच्या कानाशी वाकून काहीतरी विचारून घ्यायचा. बँकेच्या साक्षीदाराला त्याने चारच प्रश्न विचारले. चौथ्या प्रश्नाला त्या साक्षीदाराने स्वतःची डायरी उघडली, आणि जे मघाशी सांगितलं होतं ते तिच्यात नव्हतं.

मी त्याला व्हरांड्यात गाठलं आणि विचारलं, वकील कसा निवडावा? तो सँडविच खात होता. म्हणाला, बाई, त्याला विचारा की या कोर्टात गेल्या वर्षी तुम्ही किती वेळा उभे राहिलात. आणि मग तो तुम्हाला काय विचारतो ते बघा. ज्याला काहीच विचारायचं नसेल त्याच्यासमोरून उठा. बचाव कार्यालयाचे वकील रोज त्याच कोर्टात असतात, तिथल्या न्यायाधीशांना ते चांगले ओळखतात, असंही त्याने सांगितलं. तो त्या कार्यालयाचा नाही, म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

तुझ्या करवतीबद्दल. माझाही पगार सरकारी होता, ओडेल. त्याच पगारावर मी एकतीस वर्षं सरकारशी भांडायचा हक्क शिकवला. तेव्हा त्या दारातून आत जा.

आणि ‘बोलण्यातलं आहे’ हे उत्तर नाही. वर्गात कोणी असं उत्तर दिलं असतं, तर मी त्याला उभं ठेवलं असतं. नाव सांग.

डेल्फिया

*

बेलर्स गॅप
९ जानेवारी २०००

डेल्फी,

आरोपपत्र आलं. न्यायाधीशांसमोर उभा राहिलो, मिळकतीचा कागद भरला, आणि बचाव कार्यालयाची वकील मिळाली. मिस सोलिस, टेक्सासकडची, ठेंगणी, चाळिशीच्या आतली. तू सांगितलेला प्रश्न विचारला. गेल्या वर्षी किती वेळा? ती म्हणाली, मोजलं नाही, पण कोर्टातल्या कॉफी यंत्राला कुठे लाथ मारायची ते मला माहीत आहे.

मग तिने विचारायला सुरुवात केली, ती दोन तास. जिनसेंग काढतात कसं? मी सांगितलं, ते कोवळं असेल तर हात लावायचा नाही. मोठं असेल तर मुळी सबंध काढायची, आणि त्याच रोपाच्या लाल बिया त्याच खड्ड्यात परत घालायच्या, अंगठ्याच्या पेराइतक्या खोल. वर पानं पसरायची. ती म्हणाली, दाखवा. पण मला जामिनाच्या अटीत उद्यानात पाऊल टाकता येत नाही. मग मी नकाशा काढून दिला आणि ती एकटी गेली. संध्याकाळी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन भलत्याच खोऱ्यातून बाहेर आली. पण म्हणाली, पडक्या घराचं धुराडं सापडलं आणि त्याच्यामागचा उतारही सापडला. आणि ती रोपं आपोआप उगवलेली नाहीत, रांगेत आहेत. ही लावली कोणी?

मी गप्प बसलो. ‘आम्ही’ म्हणजे कोण, तेही विचारलं. तरी गप्प. ती म्हणाली, “मिस्टर टीग, तुम्ही मला सांगाल ते या खोलीतच राहील. रेंजरला सांगितलंत ते साऱ्या जिल्ह्यात गेलं. मग माझ्यासमोरच का गप्प बसता?”

मग म्हणाली, आणखी कोणाशी बोललात? मी तुझ्या पत्रांचा खण उघडून दिला. तिने सगळी पत्रं वाचली, त्यातलं एक पत्र दोनदा वाचलं. म्हणाली, हे बंद. वकिलाला लिहिलेलं पत्र झाकलेलं राहतं, बहिणीला लिहिलेलं नाही. सरकार मागू शकतं. मी म्हटलं, मग जाळतो. तर म्हणाली, जाळलंत तर तो वेगळा गुन्हा.

तेव्हा या विषयावरचं हे शेवटचं पत्र. यापुढे शेंगा आणि कुत्री.

ओडेल

*

बेलर्स गॅप
२० फेब्रुवारी २०००

डेल्फी,

थंडी आहे. दोऱ्यात ओवून वाळवलेल्या शेंगांच्या पाच माळा उरल्या होत्या, एक उंदरांनी संपवली. आता चार. बर्लने छपराचा पत्रा ठोकून दिला. कुत्री बरी आहे. तू चहा कमी पी, या वयात बरा नाही.

ओडेल

*

डेटन
२७ फेब्रुवारी २०००

ओडेल,

हे पत्र शेंगांबद्दलच आहे, दुसऱ्या कशाबद्दल नाही.

पाच माळा. एकीला उंदरांनी गाठलं. चार उरल्या. आणि पुढच्याच ओळीत बर्ल. मी शिक्षिका होते, बाकांखालून फिरणाऱ्या चिठ्ठ्या वाचण्यात माझं आयुष्य गेलं. समजायचं ते समजले.

तू बोलणार नसशील तर मला बोललं पाहिजे. मिस सोलिस यांना चार पानी पत्र लिहिलं आहे, की तू जावयाला पाठीशी घालतो आहेस. कोर्टाकडून आरोपपत्राची नक्कलही मागवली आहे. ती कोणालाही मिळते.

चहाबद्दल तुझा सल्ला नको.

डेल्फिया

*

अ‍ॅशविल, नॉर्थ कॅरोलायना
६ मार्च २०००

मिस डेल्फिया टीग यांस,

तुमचं पत्र मिळालं. मी तुमच्या भावाची वकील आहे, तुमची नाही. तुम्ही मला सांगितलेलं गुप्त ठेवायला मी बांधलेली नाही, आणि ते त्यांच्या उपयोगाचं असेल तर मला वापरावं लागेल, तुम्हाला त्रास झाला तरीही.

त्यांच्या जावयांबद्दलच्या तुमच्या तर्काविषयी मी काही बोलू शकत नाही. मला पुन्हा लिहिण्याआधी किंवा फोन करण्याआधी तुम्ही स्वतःचा वकील करा, अशी माझी विनंती आहे. कारण मी सांगू शकत नाही. तुम्ही बारकाईने वाचता हे तुमच्या पत्रांवरून दिसतं. आरोपपत्रही तसंच वाचा.

आयरीन सोलिस

*

डेटन
२० मार्च २०००
फक्त वकिलासाठी

मिस्टर कोव्हाच,

काल तुम्ही म्हणालात, सगळं लिहून आणा, वकिलाला लिहिलेलं झाकलेलं राहतं. म्हणून लिहिते आहे.

मिस सोलिस यांच्या पत्राचा मला फार राग आला होता. मला वकील कशाला? आयुष्यात मी वाचनालयाचं पुस्तकही उशिरा परत केलेलं नाही. त्या रागातच आरोपपत्र वाचायला बसले. दुसऱ्या पानावर होतं की उद्यानाने काही रोपांच्या मुळ्यांना खुणेसाठी नारिंगी रंग दिला होता, आणि ओडेलच्या माळ्यावर सापडलेल्या मुळ्यांपैकी अकरांवर तो होता. त्याच्या खाली होतं, की पार्सल ऑफिसच्या नोंदीप्रमाणे आरोपीने दर सप्टेंबरमध्ये राज्याबाहेर डबे पाठवले. आणि सगळ्यात वर, मथळ्यात: ‘ओडेल टीग, आणि नाव न समजलेली एक किंवा अधिक माणसं’.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. कॉफीचा डबा फळीवर होता. चौदा वर्षं दर थंडीत तो तिथे असतो. आतल्या तीन मुळ्या नारिंगी आहेत.

नाव न समजलेलं माणूस मी आहे. चार महिने भावाला ‘नाव सांग’ म्हणून छळत होते, आणि तो माझंच नाव गिळून बसला होता.

चौदा वर्षांत मी एकदाही विचारलं नाही, ओडेल, हे कुठून येतं? विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. आता तेही लिहिते.

१९३७ च्या शरदात आम्हाला आमचं खोऱ्यातलं घर सोडायचं होतं. सरकारने खोरं उद्यानासाठी घेतलं होतं. मी नऊ वर्षांची होते, ओडेल सहाचा. सामान गाडीवर चढलं होतं. आईने माझ्या ऍप्रनच्या खिशात जिनसेंगच्या लाल बिया भरल्या आणि म्हणाली, जा, धुराड्यामागच्या उतारावर लावून या. मी अंगठ्याने भोक पाडायची, ओडेल बी टाकायचा. तो एका भोकात दोन टाकायचा आणि मी त्याला चापट मारायची. अंधार पडेपर्यंत लावत होतो. कशासाठी, हे तेव्हा विचारलं नाही. परत कधी यायचं नव्हतं. आईने कारण सांगितलं नाही आणि मीही विसरले, किंवा विसरले असं ठरवलं. ओडेल विसरला नाही, एवढंच.

त्याच्या ‘आम्ही’चा अर्थ एवढाच आहे. टोळी नाही. मी अंगठा आणि तो बी.

विकलं काही नाही. वर्षाला आठ-दहा मुळ्या मला येतात, बाकीच्या तो स्वतः चघळतो आणि आजारी माणसांना देतो. पण हे त्याने सांगितलं तर माझं नाव येतं, म्हणून तो सांगत नाही.

आता मी काय करायचं ते सांगा. तुमची फी कळवा. तेव्हापासून डब्याला मी हात लावलेला नाही. जाळलं तर तो वेगळा गुन्हा होतो, हे मला कळलं आहे.

डेल्फिया टीग

*

डेटन
२७ मार्च २०००

मिस टीग,

तुमचा वकील म्हणून पहिला सल्ला: गप्प बसा. तुम्ही गप्प बसलात तर तुमच्यापर्यंत कोणी पोचेल असं मला वाटत नाही.

दुसरा सल्ला तुम्ही पहिला ऐकणार नाही हे गृहीत धरून आहे. तुम्ही सांगाल ते तुमच्याविरुद्ध वापरणार नाही, असं सरकारी वकिलाकडून आधी लेखी घेतो. ते हातात आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. विचारलं तेवढंच सांगायचं. त्यांना शिकवायचं नाही.

लेखी मिळालं नाही तर आपण जात नाही. यात चर्चा नको.

भाऊ कसा आहे?

कोव्हाच

*

बेलर्स गॅप
११ जून २०००

डेल्फी,

संपलं. मिस सोलिस म्हणाली, आता काय हवं ते लिहा.

तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनमुळे तू कोर्टात नव्हतीस, म्हणून सांगतो. कटाचा आणि राज्याबाहेर माल धाडल्याचा, दोन्ही आरोप सरकारने मागे घेतले. उद्यानातून खणल्याचा मी कबूल केला. खणलं होतंच. न्यायाधीश बाईंनी विचारलं, काही बोलायचंय? मिस सोलिसने माझ्या कानाशी येऊन सांगितलं, थोडक्यात, आणि ताकाचा विषय काढू नका. मी म्हटलं, जागा माझी नाही हे मला आता समजलंय, पण मुळीला कसं समजावू. न्यायाधीश बाई कागदात बघत राहिल्या. तुरुंग नाही. वर्षभर देखरेख, आणि दोन वर्षं उद्यानात पाऊल टाकायचं नाही. माझ्या अडतीस मुळ्या त्यांनी उद्यानातच दुसरीकडे पुरल्या म्हणे. वाळलेल्या मुळ्या. रेंजर मेरिटने स्वतः सांगितलं, बाहेर पायऱ्यांवर. मी हसलो नाही, पाहुणा होता तो माझा.

आता तू सांग. एप्रिलमध्ये तू इथे येऊन सरकारी वकिलासमोर बसलीस, त्या खोलीत मला येऊ दिलं नाही. आत काय झालं? मिस सोलिस एवढंच म्हणते, की तुमच्या बहिणीला प्रश्न विचारायची वेळ माझ्या शत्रूवरही येऊ नये.

आणि तू का सांगितलंस? मी सहा महिने दात आवळून बसलो होतो ते काय गंमत म्हणून?

ओडेल

*

डेटन
२१ ऑगस्ट २०००

ओडेल,

डोळा बरा झाला. आता तुझं अक्षर पूर्वीपेक्षा वाईट दिसतं.

विचारलंस म्हणून सांगते. खोलीत लांब टेबल होतं. सरकारी वकील तरुण होता, नम्र होता. कोव्हाच माझ्या शेजारी होते, आणि त्यांचा शर्ट पूर्ण आत खोचलेला होता. तो माझा मान होता असं मी समजते. लेखी हमी माझ्यासमोर ठेवली होती. ती मी दोनदा वाचली आणि तिच्यातल्या एका वाक्याचा अर्थ दोन प्रकारे लागतो हे दाखवलं. कोव्हाचनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला, पण वाक्य बदलून मिळालं.

मग त्याने विचारलं, “मिस टीग, तुमच्या भावाच्या जबाबात ‘आम्ही’ आहे. ते कोण?”

“मी.”

“आणखी कोण?”

“आमची आई. ती १९५१ मध्ये वारली. तिला बोलवायचं असेल तर तुमचं तुम्ही बघा.”

त्याने हसू दाबलं. मी पिशवीतून कॉफीचा डबा काढून टेबलावर ठेवला आणि म्हटलं, राज्याबाहेर गेलेला माल हा. त्याने झाकण उघडलं, वास घेतला, एक नारिंगी मुळी उजेडात धरली. डेटनच्या माझ्या शेजारणीसारखंच तोही म्हणाला, माणसासारखी दिसते. मग बराच वेळ त्याने खटल्याचं काही विचारलं नाही. बी किती खोल लावायचं, वर यायला किती दिवस लागतात, हे विचारत राहिला. मी सांगितलं, दीड वर्ष मातीत पडून राहतं, मग वर येतं. त्याने तेही लिहून घेतलं. डबा त्यांनी ठेवून घेतला, पावती दिली.

का सांगितलं? तू माझ्यासाठी गप्प बसलास आणि मी तुला लाल पेनाने दुरुस्त करत होते. शिवाय कलम मला पाठ होतं. गप्प राहायचा हक्क ज्याचा त्याने वापरायचा असतो. तू तो माझ्या वतीने वापरत होतास, आणि ते नियमात बसत नाही. बर्लची मी क्षमा मागितली आहे, वेगळ्या पत्राने. त्याने उत्तरादाखल फोन केला आणि अर्धा तास हसला.

मी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बसने येते आहे. दोन वर्षं तुला तिथे पाऊल टाकता येणार नाही. मला बंदी नाही. त्या धुराड्यामागे मी त्रेसष्ट वर्षांत गेलेली नाही, आणि मला तो उतार बघायचा आहे. उद्यान सगळ्यांसाठी उघडं असतं, हेही मी शिकवायची.

तिकीट काढण्यापूर्वी कोव्हाचना विचारलं, उद्यानात काही लावणं हासुद्धा गुन्हा आहे का? ते म्हणाले, आहे. मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, तुम्हाला हे का जाणून घ्यायचंय? मी म्हटलं, सहज, उत्सुकता.

तुझ्या घरामागच्या जिनसेंगच्या चार रोपांना या वर्षी बिया धरल्यात की नाही, ते मला कळवू नकोस. मी माझा जुना ऍप्रन घेऊन येते आहे. त्याला खिसा आहे. परत जाताना त्या खिशात काय असेल आणि काय नसेल, ते इथे लिहीत नाही. बहिणीचं पत्र कोणीही वाचू शकतं.

डेल्फिया